पोलिसांची पावती आणि आरटीओचं पासिंग: एकाच्या जागी दुसरं चालत नाही

कोल्हापूरच्या ताराराणी चौकात मालाचा टेम्पो बाजूला घेतला की ठरलेला संवाद सुरू होतो. "परवाच पासिंग करून आणलीया की साहेब, मग दंड कशाचा?" थोड्या वेळानं दुसरा येतो. त्याचं पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला लायक असल्याचं प्रमाणपत्र, संपलेलं, पण आवाज तितकाच चढलेला: "गेल्या आठवड्यात दंडाची पावती फाडलीया, आता परत कशाला?" समोरचा आपल्याला लुबाडतोय, अशी दोघांचीही खात्री असते. शहरातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची बाजू घेणारा एक स्वयंघोषित वकील बसलेलाच असतो, आणि मला खरा वैताग आहे तो त्याचा.

चौकातली तपासणी सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा ती उरकून टाकू. लायसन, आरसी (नोंदणीचा कागद), विमा, पीयूसी आणि मालवाहू किंवा प्रवासी गाडी असेल तर फिटनेस (म्हणजेच पासिंग) आणि परमिट. कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये दाखवला तरी चालतो. पीयूसी फक्त धुराची असते. ती काढून देणारा तुमचा ब्रेक दाबून बघत नाही, त्यामुळे "पीयूसी आहे म्हणजे गाडी ओके" हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारू नये.

माणसं ओळखण्यातही गल्लत होते. पांढरा शर्ट, खाकी पँट हा वाहतूक पोलीस. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे तो जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखालचा. हायवेला पूर्ण खाकीत गाड्या थांबवणारा बहुतेक वेळा आरटीओच्या वायुवेग पथकातला मोटार वाहन निरीक्षक असतो, आणि त्याचं खातं परिवहन आयुक्तांचं.

आता मूळ घोळाकडे. पासिंग, म्हणजे कागदावरचं योग्यता प्रमाणपत्र, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ खाली मिळतं आणि ते परिवहन वाहनांना लागतं: टेम्पो, ट्रक, रिक्षा, टॅक्सी, बस. नवी गाडी पहिली दोन वर्षं पास धरलेलीच असते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी तपासून घ्यायची. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, वायपर, रिफ्लेक्टर हे सगळं बघून "ही गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे" असं ठरवलं जातं. हे ठरवण्याचा अधिकार पोलिसाला नाही. तो गाडी पास करू शकत नाही आणि पास झालेलं प्रमाणपत्र रद्दही करू शकत नाही. रद्द करायचं तर परिवहन खात्यानं, तांत्रिक पात्रता असलेल्या अधिकाऱ्याच्या मतावर आणि कारण लेखी देऊन. तसं झालं की नवं प्रमाणपत्र मिळेपर्यंत नोंदणी आणि परमिट दोन्ही निलंबित धरले जातात.

इथवर ऐकून ग्रुपवरचा वकील खूश होतो: "बघा, पोलिसाला अधिकारच नाही!" थांबा. पोलीस तुमच्या पासिंगवर निकाल देतच नसतो. तो आज, या क्षणी, रस्त्यावर असलेल्या गाडीकडे बघतो. कलम १९०(१) सांगतं की साध्या काळजीनं लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवली, किंवा चालवू दिली, तर तो गुन्हा. "चालवू दिली" यात मालकही आला. या कलमात पासिंग कधी झालं याला काहीच किंमत नाही. सकाळी वजनात बसलेला पैलवान संध्याकाळी लंगडत आखाड्यात आला, तर पंच त्याच्या वजनाची चिठ्ठी बघत बसत नाहीत. आणि पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे, घरी आलं की उतरवायचे, ही हातचलाखी काय आरटीओला आणि पोलिसांना ठाऊक नाही?

उलट्या बाजूचा गैरसमज जास्त महागात पडतो. पासिंग संपलेली परिवहन गाडी कायद्याच्या नजरेत वैध नोंदणी असलेली गाडीच राहत नाही. म्हणून तिला बिगरनोंदणीचं कलम १९२ लागतं: पहिल्या वेळी दोन ते पाच हजार, पुन्हा सापडली तर पाच ते दहा हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. भरलेला दंड त्या दिवशीच्या गुन्ह्याचा असतो. त्यानं गाडी लायक होत नाही. पावती खिशात ठेवून महिनाभर फिरणाऱ्याला प्रत्येक फेरीला नवा गुन्हा लागू शकतो, आणि मधे अपघात झाला तर विमा कंपनी आधी फिटनेसची तारीख बघते.

दाद मागायची जागाही वेगळी. आरटीओनं प्रमाणपत्र नाकारलं किंवा रद्द केलं तर ३० दिवसांत अपील. पोलिसांचं चलन मान्य नसेल तर शेवटची जागा न्यायालय. आरटीओच्या खिडकीवर जाऊन चलनाबद्दल भांडणाऱ्यांनी रांगेतल्या बाकीच्यांवर दया करावी.

खासगी कार-दुचाकीवाल्यांना मधे पासिंग नाही. नोंदणी १५ वर्षांची, मग गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पण कलम १९०(१) त्यांनाही लागतंच.

दोन्ही खाती खरोखर एकत्र येतात ती अपघातानंतर. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात, पण ब्रेक आधीच निकामी होते की धडकेत तुटले, हे मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून लिहून देतो. "ब्रेक फेल झाला" असं चालकानं सांगितलं म्हणून ते खरं धरलं जात नाही. या तपासणीसाठी गाडी हलवली तर कुठे नेली हे मालकाला कळवायचं आणि सोपस्कार आटोपून २४ तासांत परत द्यायची, असं कलम १३६ म्हणतं. ही मुदत मालकांना क्वचितच माहीत असते.

आणि ऊस हंगाम. शेतीचा ट्रॅक्टर नियमात परिवहन वाहन नाही, त्यामुळे कागलच्या किंवा गारगोटीच्या रस्त्यावर रात्री उसानं भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला "परवाच पासिंग केलंय" ही सबबसुद्धा नाही. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आणि चालू दिवा पाहिजे म्हणजे पाहिजे. तो नसेल तर गाडी कुणी अडवली, पांढऱ्या शर्टानं की खाकीनं, यावर वाद घालू नका.