बॉनेटवरचे क्षारपड रान

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उन्हाळ्यात फिरताना काही रानांवर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिले गेले, निचरा झाला नाही, जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर आले, पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार तेवढे मागे राहिले; अशा जमिनीला इकडे क्षारपड म्हणतात. हे सारे ठाऊक असूनही गेल्या चैत्रात सांगलीतल्या माझ्याच अंगणात, गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर, मी हाच प्रकार घडवून आणला. सकाळी दहाच्या सुमारास बोअरच्या पाण्याने गाडी धुतली, शेवटचे पाणी मारले, तेवढ्यात दारात पाहुणे आले आणि चहा होईपर्यंत गाडी आपली आपण वाळली. परत येऊन पाहतो तर बॉनेटभर नाण्यांएवढी पांढरी कडी उमटलेली. ओल्या फडक्याने पुसली की ती नाहीशी व्हायची आणि फडके वाळायच्या आत पुन्हा दिसायची.

वाळणे वेगळे आणि कोरडे करणे वेगळे, हा भेद मराठीला ठाऊक आहे, आणि धुतलेल्या गाडीसाठी टॉवेल किंवा ब्लोअर निवडताना तो धरून ठेवला तर दुकानातला निम्मा गोंधळ मिटतो. वाळताना पाणी वाफ होऊन जाते आणि त्यात विरघळलेले सगळे जागेवरच राहते. टिपून किंवा ढकलून काढलेले पाणी मात्र आपले क्षार सोबत घेऊन जाते. म्हणजे गाडी वाळण्यापूर्वी ती कोरडी झाली पाहिजे.

हे क्षार असतात तरी किती? गाडीचा बाहेरचा पृष्ठभाग १० चौरस मीटर धरला आणि त्यावर सरासरी ०.०५ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर उरला असे मानले, तर ते पाणी अर्धा लिटर भरते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. बोअरच्या पाण्यात ते १,००० मिलिग्रॅम असतील तर त्या अर्ध्या लिटरमधून गाडीवर अर्धा ग्रॅम क्षार उरतो. जेमतेम चिमूटभर ऐवज, पण गडद रंगावर डोळ्यांत भरायला तेवढा पुरतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट मुबलक असते. पाणी उडताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. गिझरच्या कॉइलवर चढते तेच हे पूट.

डाग कड्याच्या आकाराचा का, याचे उत्तर शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली कॉफीच्या थेंबावरून दिले. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि कडेवरून बाष्पीभवन सर्वांत वेगाने होते, त्यामुळे तिथली तूट भरून काढायला मधले पाणी सतत कडेकडे वाहत राहते आणि वाहताना सोबतचा ऐवज तिथे नेऊन टाकते. ऊन या सगळ्याला घाई करते. पाण्याच्या बाष्पाचा दाब ३० अंश सेल्सिअसला सुमारे ४.२ किलोपास्कल असतो, तर ६० अंशांना जवळजवळ २० किलोपास्कल. आणि वैशाखात गडद रंगाचे बॉनेट ६० अंश सहज गाठते. म्हणून गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असताना धुवावी. पाणी वाया जाऊ नये या सद्भावनेने आरओ यंत्राचे नाकारलेले पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुणारी घरे माझ्या ओळखीत आहेत. ते पाणी फरशीला खुशाल वापरावे, पण यंत्राने क्षार गोळा करून बाहेर टाकलेले असल्याने गाडीच्या शेवटच्या हाताला त्याच्याइतके वाईट पाणी घरात दुसरे नसते.

आता टॉवेलकडे वळू. आमच्या घरी गाडी पुसायला जुना पंचा होता, आणि सुती पंचा पाणी चांगले पितो यात शंका नाही. कापसाचा तंतू पाणी आपल्या आत घेऊन फुगतो. म्हणूनच तो पिळला तरी बराच ओला राहतो आणि दुसऱ्या फेरीला कमी पडतो. मायक्रोफायबरची तऱ्हा उलटी आहे. तो बहुतांशी पॉलिएस्टरचा आणि थोडा नायलॉनचा असतो, आणि पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी धरले जाते ते तंतूंच्या मधल्या फटींत. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे वजन १ ग्रॅम भरले तर तो १ डेनियरचा. मायक्रोफायबरचा एकेक तंतू याहूनही बारीक, म्हणजे साधारण १० मायक्रोमीटरच्या आतला असतो, आणि आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. फट जितकी अरुंद तितके केशाकर्षण जोरदार: १० मायक्रोमीटर त्रिज्येची नळी पाण्याला तत्त्वतः सुमारे दीड मीटर उंच खेचू शकते, तर तिच्या दहापट रुंद नळी जेमतेम १५ सेंटिमीटर. टिपकागद शाई ओढतो तेच हे बळ. फटी तंतूंच्या बाहेर असल्यामुळे पिळल्यावर पाणी सहज निघते आणि टॉवेल पुन्हा कामाला लागतो. अशा अतिसूक्ष्म तंतूंचा पाया जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी घातला. त्यापासून बनवलेले कृत्रिम स्वेड, म्हणजे मऊ लवदार चामड्यासारखे कापड, १९७० साली बाजारात आले. गाडी पुसण्याचा उपयोग नंतर सुचलेला दिसतो.

दुकानात टॉवेलवर जीएसएम हा आकडा असतो. तो म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. ६० बाय ९० सेंटिमीटरचा ६०० जीएसएमचा टॉवेल ३२४ ग्रॅमचा भरतो आणि गाडीवरचे अर्धा लिटर पाणी पोटात घेतल्यावर ८०० ग्रॅमच्या पुढे जातो. हाच टॉवेल १,२०० जीएसएमचा घेतला तर ओला झाल्यावर तो पेलत नाही, त्याचे टोक अंगणात लोळते आणि मातीचे खडे घेऊन पत्र्यावर परत येते. जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला हा दुकानदाराचा हिशेब मला म्हणूनच पटत नाही. पत्र्यासाठी ५०० ते ६०० जीएसएमचा लांब लवेचा एक टॉवेल आणि काचांसाठी ३०० ते ४०० जीएसएमचा, चौकटी-चौकटींच्या विणीचा दुसरा, एवढ्यावर घरच्या गाडीचे भागते. घेताना तो तळहाताच्या खरखरीत भागावरून फिरवून पाहावा. तंतू नीट चिरलेले, म्हणजे एकाचे अनेक बारीक तंतू केलेले, असतील तर तो कातडीला किंचित अडकतो. नुसताच गुळगुळीत घसरणारा टॉवेल पाणी पुढे ढकलत नेतो, पीत नाही. डब्यात ओलाच मिळणारा, वाळला की पापडासारखा कडक होणारा पिवळा रुमालही पाणी भरपूर घेतो, पण त्याला लव नसल्यामुळे सापडलेला खडा दडायला जागा उरत नाही, तो थेट रंगावर घासला जातो. काचेपुरता तो ठीक आहे.

लवेचे महत्त्व कळायला स्टीलचे जुने ताट दिव्याखाली धरावे. काथ्याने घासलेले ओरखडे खरे तर सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशबिंदूभोवती वर्तुळात बसणारे तेवढेच डोळ्याकडे चमकतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसते. चार वर्षांच्या काळ्या गाडीवर दुपारच्या उन्हात दिसते ती हीच नक्षी. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रोमीटरचा असतो, आणि आपल्या धुळीतले खनिजांचे कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. म्हणून टॉवेल गोल गोल घासायचा नाही. तो पूर्ण उलगडून बॉनेटवर अंथरावा, वरून तळहाताने हलकेच दाबावे आणि दोन कोपरे धरून सरळ आपल्याकडे ओढून घ्यावा. घासण्याचे काम आधी शाम्पूच्या पाण्याने संपलेले असते, टॉवेलने फक्त टिपायचे असते.

ब्लोअर म्हटले की तासगावकडच्या माणसाला द्राक्षबागेत औषध फवारणारे ट्रॅक्टरमागचे यंत्र आठवते. इथे अर्थातच दिवाळीत घरातली धूळ उडवतो तो हातातला, ५००-६०० वॅटचा ब्लोअर अभिप्रेत आहे. तो गाडी वाळवतो हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. अर्ध्या लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे १२ लाख जूल उष्णता लागते. ६०० वॅटच्या यंत्राची सगळी वीज उष्णता होऊन पाण्यालाच मिळाली तरी केवळ त्या बळावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल. ब्लोअर काही मिनिटांत काम करतो तो पाण्याला ढकलून, आणि म्हणूनच तो क्षारही घालवतो. गरम हवा हवीच असा आग्रह त्यामुळे गैरलागू ठरतो.

पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती घरोघरी छताला टांगलेली आहे. पंखा महिनोन् महिने गरगर फिरतो आणि तरी त्याच्या पात्यावर धूळ साचते, कारण पृष्ठभागाला अगदी लगटून असलेली हवा पृष्ठभागाबरोबरच राहते. या संथ थराची उपपत्ती लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली मांडली. मोठे थेंब या थरातून डोके वर काढतात म्हणून वाऱ्याला सापडतात. पातळ पसरलेले पाणी त्याच्या आडोशाला निवांत बसून राहते. म्हणून वॅक्स किंवा सिरॅमिकचा लेप असलेल्या गाडीवर ब्लोअर जास्त चालतो. त्या लेपावर पाणी पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होते आणि फुंकरीसरशी पळते. लेप नसेल तर सपाट पत्र्यावर ब्लोअर फिरवत बसण्यात अर्थ नाही, तिथे टॉवेलच हवा. ब्लोअरची खरी जागा टॉवेल पोहोचत नाही तिथे: बाजूचे आरसे, दारांच्या मुठी, नंबर प्लेटची मागची फट, पेट्रोलच्या झाकणाची खोबण, चाकाच्या नटांचे खड्डे.

तोंडातून सुटलेला झोत तोंडाच्या व्यासाच्या पाच-सहा पट अंतरापर्यंतच मूळ वेग टिकवून असतो. तोंड ३ सेंटिमीटरचे असेल तर १५ ते १८ सेंटिमीटरपुढे वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो, आणि रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग निम्मा झाला की रेटा चौथाईवर येतो. ब्लोअर म्हणून वीतभराच्या आतच धरावा आणि छतापासून खाली उतरत यावे. झोत जमिनीकडे गेला तर अंगणातली माती उडून ओल्या गाडीवर बसते, हे मी दोनदा अनुभवले आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा जोरदार खरी, पण टाकीत जमलेले पाणी आणि तेलाचे तुषार तिच्याबरोबर येतात. आणि ओल्या फरशीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवायचे तर त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे; पायांत रबरी चपला आहेत एवढ्यावर भागवू नये.

बॉनेटवरची ती कडी शेवटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून, सावलीत, मिनिटभर भिजवून आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन निघाली. आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. दोन-तीन मात्र अजून आहेत. त्यानंतरच्या रविवारी नळाच्या पाण्याने गाडी धुतली, टॉवेलने टिपली, फटींत ब्लोअर मारला आणि समाधानाने विश्रामबागेपर्यंत चक्कर मारून आलो, तर डाव्या आरशाच्या बुडातून निघालेला एक ओघळ दारावर हातभर वाळलेला होता. तेव्हापासून आरसे आधी आत मिटून, मग उघडून, असा दोनदा झोत देतो. टॉवेल सौम्य साबणाने वेगळा धुतो, कारण कपडे मऊ करणारे द्रव तंतूंवर लेप चढवून त्यांच्या फटी निकामी करतात. आणि महिन्यातून एकदा त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहतो. थेंब तत्काळ आत गेला तर टॉवेल चांगला, वर गोळा होऊन बसला तर त्याची रवानगी चाकांकडे.