बिंबाभ्रिकेतला ऑक्सिजन मोजायचा कसा?

पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरातले खडेमीठ चिमूटभर कुटून गॅसच्या निळ्या ज्योतीवर टाकले, की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा रंग सोडियमचा, हे शाळेतला विद्यार्थीही सांगेल. पण मीठ किती पडले, हे नुसत्या पिवळेपणावरून ठरवता येत नाही, कारण ज्योत अधिक तापलेली असेल तर तेवढेच मीठ अधिक उजळते. बिंबाभ्रिकांमधील मूलद्रव्यांचे प्रमाण काढताना खगोलशास्त्रज्ञांपुढे हीच अडचण असते, आणि तिच्यातून त्यांनी काढलेली वाट मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सूर्यासारखा किंवा त्याच्या सुमारे आठपटीपर्यंत वस्तुमानाचा तारा अखेरच्या काळात आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो. उघडा पडलेला तप्त गाभा अतिनील किरणांनी त्या वायूला चेतवतो, तीच बिंबाभ्रिका. लहान दुर्बिणीतून ती ग्रहाच्या बिंबासारखी दिसते म्हणून हे नाव पडले. ग्रहांशी तिचा काही संबंध नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला, हवा कोरडी झाल्यावर, देवयानी तारकासमूहातली एनजीसी 7662 ही बिंबाभ्रिका संध्याकाळी गोव्याच्या उत्तर आकाशात बरीच उंच असते. किनाऱ्यावरच्या दिव्यांपासून दूर, सत्तरीसारख्या भागात दुर्बीण लावून नेत्रिकेवर ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी, बारीक रेघांची काच) बसवले, तर शेजारचे तारे रंगीत पट्ट्यांत ताणले जातात. बिंबाभ्रिका मात्र पसरत नाही, हिरवट रंगाचा इवलासा सुटा ठिपका म्हणूनच उरते. याचे कारण असे की तिचा दृश्य प्रकाश मुख्यतः मोजक्या ठरावीक रंगांत, म्हणजे वर्णपटातील सुट्या रेषांत, एकवटलेला असतो. विल्यम हगिन्स यांनी 29 ऑगस्ट 1864 रोजी कालेय तारकासमूहातील बिंबाभ्रिकेच्या वर्णपटात अशा तेजस्वी रेषा प्रथम पाहिल्या, तेव्हा त्यांतील ठळक हिरवी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, आणि पुढे तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. अखेर 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची आहे. ती उत्सर्जित करण्यापूर्वी हा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, उत्तेजित अवस्थेत सरासरी अर्धा मिनिटभर थांबतो. प्रयोगशाळेतील दाट वायूत तेवढ्या वेळात त्याला असंख्य धक्के बसून ऊर्जा निघून जाते. बिंबाभ्रिकेत घनसेंटीमीटरमागे काही हजारच इलेक्ट्रॉन असल्याने त्याला ती सवड मिळते.

या आयनाच्या 500.7 आणि 495.9 नॅनोमीटरच्या हिरव्या रेषा खालच्या ऊर्जापातळीवरून निघतात, तर 436.3 ची निळसर रेषा त्याहून वरच्या पातळीवरून निघते आणि तिथवर पोहोचवायला जोरदार टक्कर लागते. म्हणूनच या रेषांचे गुणोत्तर हाच वायूचा तापमापक ठरतो. तापमान 10,000 केल्विन असेल तर दोन्ही हिरव्या रेषांची एकत्रित प्रखरता निळसर रेषेच्या सुमारे 200 पट भरते. 20,000 केल्विनला ती जेमतेम 40 पट उरते. हे तापमान नीट कळलेच पाहिजे. वायू 8,000 केल्विनचा असताना तो 10,000 चा धरला, तर या आयनाचे प्रमाण जवळजवळ निम्मेच निघते. म्हणजे सगळ्या हिशेबाची भिस्त एका अतिशय मंद रेषेवर असते, आणि तिला अगदी खेटून, 435.8 नॅनोमीटरवर, ट्यूबलाइटमधील पाऱ्याची रेषा असते. वस्तीच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली हे मोजमाप अवघड का होते, हे यावरून कळावे.

यापुढील कामे तुलनेने सोपी आहेत. वाटेतील धूळ निळा प्रकाश अधिक अडवते. हायड्रोजनच्या लाल व निळसर रेषांचे मूळ गुणोत्तर सुमारे 2.86 असते, त्यावरून ही घट भरून काढतात. काही आयनांच्या रेषा दृश्य प्रकाशात दिसतच नाहीत, त्यांचा वाटा गणिती प्रतिकृतींच्या आधारे जोडावा लागतो. शेवटी उत्तर मिळते ते हायड्रोजनच्या तुलनेत: ठोकळमानाने 10,000 हायड्रोजन अणूंमागे हजारेक हेलियमचे आणि पाचेक ऑक्सिजनचे. नायट्रोजन, कार्बन व हेलियम यांत ताऱ्याने स्वतः भर घातलेली असते; ऑक्सिजन आणि अरगॉन मात्र बहुतांशी जन्मतःच मिळालेले असतात, त्यामुळे अब्जावधी वर्षांपूर्वी तारा ज्या वायूतून घडला त्याची नोंद त्यांत टिकून राहते.

एक गाठ अजून सुटलेली नाही. इलेक्ट्रॉन पुन्हा पकडताना ऑक्सिजनच्या ज्या फार मंद रेषा उमटतात, त्या तापमानावर फारशा अवलंबून नसतात. तरीही त्यांवरून काढलेले प्रमाण हिरव्या रेषांवरून काढलेल्या प्रमाणाच्या दोन-तीनपट येते, आणि काही बिंबाभ्रिकांत ते कित्येक दसपटींनी अधिक भरते. उष्ण वायूत हायड्रोजन कमी आणि जड मूलद्रव्ये अधिक असलेल्या थंड गाठी विखुरलेल्या असाव्यात, असे एक स्पष्टीकरण आहे. त्या कुठून आल्या असतील, याचा माग काढताना एक गोष्ट लक्षात आली आहे: ही तफावत जिथे अतिशय मोठी आहे, तिथे मध्यभागी बहुधा एक तारा नसून एकमेकांना अगदी जवळून फेऱ्या घालणारी ताऱ्यांची जोडी सापडते.