दोन कोटी ओळींची लक्ष्मणरेषा

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात दोन कोटी ओळी झाल्या की ते मंदावतं, तेव्हा आधीच टेबलाचे तुकडे (पार्टिशन) करा, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आकडा अगदीच हवेतला नाही. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग, ओळी पानांच्या झाडात ठेवतो: वरची पानं फक्त वाट दाखवतात, ओळी सगळ्यात खालच्या पानांत. पान 16 केबीचं; 8 बाइटची की (ओळीची ओळख) आणि 6 बाइटचा पॉइंटर (खालच्या पानाचा पत्ता) धरला तर वरच्या एका पानात साधारण 1170 नोंदी बसतात. ओळ 1 केबीची, म्हणजे खालच्या पानात 16 ओळी मानल्या, तर तीन पातळ्यांच्या झाडात 1170 × 1170 × 16, म्हणजे सुमारे 2 कोटी 19 लाख ओळी. बरं, चौथी पातळी आली म्हणून काय बिघडतं? एक पान जास्त वाचावं लागतं, आणि वरच्या पातळ्यांची पानं बहुधा मेमरीतच असतात. ओळ 200 बाइटची असेल तर सगळा हिशेबच पाचपट सरकतो.

दुखणं भलतीकडेच असतं. बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा, मूळ सेटिंगप्रमाणे फक्त 128 एमबी, आणि तो कुणी वाढवलेलाच नसतो. मग रोजच्या वापरातला डेटा त्यात मावत नाही, दर वेळी डिस्क गाठावी लागते. नाहीतर क्वेरीला इंडेक्सच (ओळी चटकन शोधून देणारी सूची) नसतो. क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा चालवून बघा: टाइपच्या रकान्यात ‘ऑल’ दिसलं, तर अख्खं टेबल चाळलं जातंय. अशा वेळी पाच लाख ओळीही रडवतात. पार्टिशन जुना डेटा महिन्यागणिक काढून टाकायला उत्तम. वेगासाठी त्याची आठवण सगळ्यात शेवटी काढावी.