फँटसी रोलप्लेइंगसाठी सिस्टीम निवडणं

टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंगमध्ये एकजण जग चालवतो (त्याला जीएम किंवा डीएम म्हणतात), बाकीचे त्या जगात एकेक पात्र घेऊन वावरतात, आणि अडलं की फासे टाकतात. हे सगळं ज्या नियमांनी चालतं ती सिस्टीम. ग्रुपसाठी कुठली सिस्टीम घ्यायची हे खरं तर बसून ठरवायला हवं, पण बऱ्याचदा ते न बोलताच ठरून जातं, कारण १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला आणि फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणावं तसं लोक या अख्ख्या छंदालाच डीअँडडी म्हणायला लागले. तो गेम वाईट आहे असं अजिबात नाही, पण बाकी काय काय आहे हे माहीत नसताना केलेल्या निवडीला निवड तरी कसं म्हणायचं.

सिस्टीम ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ती बक्षीस कशाला देते ते बघणं. कव्हरवर सगळ्यांच्याच ड्रॅगन असतो. १९८१ च्या बेसिक डीअँडडीमध्ये ऑर्क (राक्षसासारखा शत्रू) मारला की १० एक्सपी (अनुभवाचे गुण), आणि खजिन्यातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १ एक्सपी, आता फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या लेव्हलला (ताकदीच्या पुढच्या पायरीला) जायला २००० लागतात आणि मिळालेलं सगळ्या पार्टीत (पात्रांच्या टोळीत) वाटलं जातं, म्हटल्यावर शहाणी पार्टी ऑर्कशी भांडेलच कशाला, मागच्या दाराने शिरून पेटी उचलेल आणि पळेल. म्हणजे चोरटेपणा, सावधपणा, सौदेबाजी हे सगळं एका छोट्याशा नियमातून येतं, "हुशारीने खेळा" असा उपदेश कुठेही न करता. याच नियमांवर बेतलेलं ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स आजही खेळलं जातं. डीअँडडीची २०१४ ची पाचवी आवृत्ती घेतलीत तर तिथे एक्सपी मुख्यतः शत्रूला हरवून मिळतो (बरेच डीएम एक्सपी मोजतच नाहीत, कथेचा टप्पा आला की लेव्हल देऊन टाकतात) आणि पात्राच्या बहुतेक खास ताकदी लढाईत वापरायच्या असतात, त्यामुळे टेबल आपोआप लढाईकडे झुकतं. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये लेव्हल हा प्रकारच नाही, कौशल्यं टक्क्यांत मोजतात, जे कौशल्य यशस्वीपणे वापरलं त्याच्यापुढे खूण करायची आणि नंतर आत्ताच्या टक्क्यांपेक्षा जास्त आकडा पडला तर ते वाढतं, म्हणजे जितकं जास्त येतं तितकं पुढचं शिकणं अवघड. आणि २०१२ चं डंजन वर्ल्ड तर फासा फसला की १ एक्सपी देतं! ग्रुपमधे कोणी हरायला घाबरून गप्प बसत असेल तर हा एक नियमच त्याला बोलतं करतो.

दुसरी गोष्ट फासे. वीस बाजूंचा एकच फासा टाकला की प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के, म्हणून नवखा चोर कुलूप उघडतो आणि उस्तादाच्या हातून तेच राहून जातं, हे सारखं घडतं आणि टेबलावर आरडाओरडा होतो, काहींना तेच हवं असतं. गर्प्स नावाच्या सिस्टीममध्ये सहा बाजूंचे तीन फासे एकत्र टाकतात, तिथे जवळजवळ निम्म्या वेळा बेरीज ९ ते १२ मध्येच येते, सगळं शांत आणि अंदाजात. डंजन वर्ल्डमध्ये दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त आली तर काम झालं, ७ ते ९ आली तर झालं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा कमी आली तर जीएमची पाळी. या मधल्या ७ ते ९ मध्येच त्या गेमचा सगळा जीव आहे, पण दरवेळी नवीन भानगड जागेवर सुचावी लागते, आणि ज्या जीएमला तयारी करून यायची सवय आहे तो इथे दोन तासात थकतो.

जीएमचं ओझं हा मुद्दा लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि माझ्या मते तोच पहिला बघायला हवा, कारण खेळाडूंना अर्धे नियम माहीत नसले तरी सेशन निभावतं, जीएम कंटाळला की कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) संपलं. पाथफाइंडर या गेमची २०१९ ची दुसरी आवृत्ती बघून घाबरायला होतं, खूप नियम आहेत, पण प्रत्येक पाळीला तीन अॅक्शन हा साचा दहा मिनिटांत कळतो आणि लढाई किती कठीण होईल याचं गणित बऱ्यापैकी खरं ठरतं, म्हणजे वाचायचं ओझं जास्त आणि तयारीचं कमी. केर्न हा गेम याच्या अगदी उलट टोकाला, नियम एका बैठकीत वाचून होतात, हल्ला लागला की नाही यासाठी फासा टाकायचाच नाही, थेट नुकसान मोजायचं. पण तिथे जे नियमात नाही ते जीएमला स्वतःच्या अकलेने ठरवावं लागतं, आणि "नियम कुठे लिहिलाय दाखव" म्हणणारा एक जरी खेळाडू असला तरी वाद ठरलेला.

पात्र मेलं तर कितपत चालेल, हेही आधी विचारून घ्यावं. कोणी पात्राचा वीस पानी इतिहास लिहून आणणार असेल आणि सिस्टीम अशी असेल की पहिल्याच गुहेत दोन-तीन जण मरतात, तर रुसवे होतात, मी बघितलेत. रूनक्वेस्टमध्ये घाव हाताला, पायाला, डोक्याला असा वेगवेगळा मोजतात, हात कामातून जाऊ शकतो. २०२३ च्या शॅडोडार्कमध्ये मशाल खऱ्या घड्याळाने एक तास चालते, गप्पा मारत बसलात की अंधार. मस्त प्रकार आहे, पण ज्यांना निवांत बोलत खेळायचंय त्यांना नको.

पैशांची अडचण फारशी नाही. पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, आणि डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमांचा भाग जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुला झाला. तेव्हा एकदम कॅम्पेन सुरू न करता दोन-तीन सिस्टीमचे वन-शॉट (एका बैठकीत संपणारे खेळ) खेळून बघायचे, तयार पात्रं वाटायची आणि नंतर कोण कधी मोबाईल बघत होतं ते आठवायचं. लांब कॅम्पेनच्या आधी एक सेशन झीरो मात्र हवंच, त्यात कुठले विषय टेबलावर नकोत, कोण किती वेळ देणार हे ठरतं. एकच सिस्टीम होमब्रू करून (घरचे नियम जोडून) सगळीकडे ताणणारेही खूप आहेत, थोडंफार चालतं, पण राजदरबारातल्या कारस्थानांचा गेम हिट पॉइंटवर (पात्र किती मार सोसेल त्या आकड्यावर) उभा करायला गेलं की नियम सगळे बाजूलाच पडून राहतात.

आणि जीएम व्हायला कोणीच तयार नसेल तर २०१८ चं आयर्नस्वॉर्न आहे, फुकट मिळतं, त्यात जीएम न ठेवता सगळे मिळून खेळू शकतात, एकट्याने खेळायचं असेल तरी चालतं.