नव्या लॅपटॉपमधली न दिसणारी वर्दळ

महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम सुरू झाला की ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पालकांची गर्दी होते. पाट्यांवर हा रस्ता डॉ. भडकमकर मार्ग असला, तरी संगणक घ्यायला निघालेल्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी मुलीसाठी तिथूनच लॅपटॉप आणला आणि दुसऱ्याच दिवशी ते काळजीने माझ्याकडे आले. मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्रात काय काय चालू आहे याची यादी, उघडला होता आणि एकही प्रोग्रॅम सुरू नसताना तिला त्यात दीडशेहून अधिक प्रक्रिया, म्हणजे चालू असलेली कामे, दिसली होती. यंत्र सदोष आहे की व्हायरस शिरला आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

यांतले काहीही नव्हते. ज्या सोसायटीत आम्ही दोघे राहतो, तिथे गच्चीवरची टाकी भरणारा पंप पहाटे कधी चालू होतो हे कुणी पाहत नाही. तो बंद पडला म्हणजे मात्र सातच्या आत सगळ्यांना कळते. संगणकातही नेटवर्कची जोडणी, ध्वनी, छपाई, घड्याळ जुळवणे, सुरक्षेची तपासणी अशी कामे पडद्यामागे चालू असतात. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या परंपरेत अशा प्रक्रियांना 'डीमन' म्हणतात. १९६३च्या सुमारास एमआयटीतील संगणक अभियंत्यांनी हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या विचारप्रयोगातून उचलला, कारण त्या प्रयोगातही एक काल्पनिक जीव दाराशी बसून रेणूंची अखंड निवड करत असतो.

प्रक्रियांची संख्या मोठी दिसण्याला एक साधे तांत्रिक कारण आहे. पूर्वी विंडोज अनेक सेवा, म्हणजे पडद्यामागची ही कामे, 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या मोजक्या प्रक्रियांमध्ये एकत्र कोंबत असे, त्यामुळे रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती, वाचे. पण एक सेवा कोसळली की त्याच खोलीतल्या बाकीच्याही कोसळत. २०१७ साली आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून अधिक रॅम असलेल्या यंत्रांवर यांतील बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रक्रिया मिळू लागली. यादी लांबली, पण कामे तीच राहिली. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. रॅमचेही तसेच आहे: 'कॅश्ड' म्हणून दाखवलेली जागा वारंवार लागणाऱ्या फायली हाताशी ठेवण्यासाठी वापरलेली असते आणि एखाद्या प्रोग्रॅमने मागताच ती मोकळी करून दिली जाते.

खरा प्रश्न आहे तो प्रोसेसरला झोपू कोण देत नाही हा. आजचे प्रोसेसर काम नसेल तेव्हा, अगदी काही मिलिसेकंदांसाठीसुद्धा, स्वतःचे भाग बंद करून वीज वाचवतात. विंडोजचे अंतर्गत घड्याळ एरवी सेकंदाला ६४ ठोके देते, परंतु एखादा प्रोग्रॅम त्याहून बारीक, म्हणजे सेकंदाला १००० ठोक्यांपर्यंतचे घड्याळ मागू शकतो. २०२०पर्यंत अशी एकाची मागणी संपूर्ण यंत्राला लागू होत असे, त्यामुळे एका आगाऊ प्रोग्रॅमपायी साऱ्या यंत्राची झोप मोडे. 'अपडेट आहे का' असे सारखे विचारणारे छोटे मदतनीस टास्क मॅनेजरमध्ये जेमतेम शून्य टक्के दिसतात. परंतु पुन्हा पुन्हा जागे करण्याची किंमत बॅटरी मोजते आणि मुंबईच्या मे महिन्यात लॅपटॉपमधला पंखाही.

लॅपटॉपसोबत आपोआप आलेले सॉफ्टवेअर नेमके इथे खुपते. काही सॉफ्टवेअर कंपन्या आपले प्रोग्रॅम आधीच बसवून देण्यासाठी निर्मात्यांना पैसे मोजतात आणि कमी नफ्याच्या या धंद्यात ते पैसे नको असे कोण म्हणेल? अँटिव्हायरसच्या ३० दिवसांच्या चाचणी आवृत्त्या, खेळ आणि खरेदीचे दुवे ही त्याचीच फळे. यांतले बहुतेक त्रासदायक असले तरी निरुपद्रवी असतात, पण सगळेच नाही. २०१४च्या अखेरीस लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम होता. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने यंत्रात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरे असल्याची ग्वाही देणारा दाखला, बसवले होते आणि त्याची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. म्हणजे ती किल्ली हाती लागलेला कोणीही, सार्वजनिक वाय-फायवर बसून, बँकेचे खोटे पान खरे म्हणून खपवू शकत होता. फेब्रुवारी २०१५मध्ये हे उघडकीस आले आणि पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही कंपनीवर कारवाई केली.

साफसफाईची घाई मात्र पहिल्या दिवशी करू नये. नवा लॅपटॉप सुरुवातीचे काही दिवस अद्ययावत होणे, फायलींची सूची बनवणे आणि पहिली सुरक्षा तपासणी यांत गुंतलेला असतो. तेवढ्यावरून त्याला मंद ठरवणे अन्यायाचे आहे. नंतर टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप ॲप्स' पाहावे, कारण 'एंड टास्क' केलेली प्रक्रिया यंत्र पुन्हा सुरू होताच परत येते. अधिक खोलात जायचे असल्यास मायक्रोसॉफ्टचेच 'ऑटोरन्स' हे मोफत साधन आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याची सोय त्यात असल्याने बाहेरून आलेले तेवढे समोर राहतात. चाचणीचा अँटिव्हायरस काढून टाकला की विंडोजमधील डिफेंडर आपोआप पुन्हा कामाला लागतो, त्यामुळे यंत्र उघडे पडत नाही. टचपॅड, विशेष कळा, बॅटरीच्या चार्जिंगची मर्यादा आणि बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, अद्यतने सांभाळणारे निर्मात्याचे प्रोग्रॅम मात्र राहू द्यावेत.

सगळे पुसून विंडोज नव्याने बसवावे, हा लॅमिंग्टन रोडवर हमखास मिळणारा सल्ला सहसा उपयोगी पडतो, तरी तो पुरेसा असेलच असे नाही. २०१२च्या विंडोज ८पासून अशी सोय आहे, की मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवरच साठवलेले सॉफ्टवेअर, आपल्यातला एक प्रोग्रॅम विंडोज सुरू होताना तिच्या हाती देऊ शकते. डिस्क कोरी केली तरी तो परत येतो, कारण तो डिस्कवर नसतोच.

शेजाऱ्यांच्या लॅपटॉपमधून आम्ही चाचणीचा अँटिव्हायरस, दोन खेळ आणि एक खरेदीचा मदतनीस एवढेच काढले आणि स्टार्टअपमधील पाच नोंदी बंद केल्या. प्रक्रियांचा आकडा जेमतेम दहा-बाराने खाली आला. मुलगी थोडी खट्टू झाली; पंख्याचा आवाज थांबला आहे, हे तिच्या आईने सांगितल्यावर तिच्या लक्षात आले.