गोफणीचा हिशेब आणि गोल्फचा फटका

खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी सिडकोने विकसित केलेल्या मैदानावर गोल्फ शिकायला येणारा नवखा नवी मुंबईकर बहुधा टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर वाढलेला असतो. चेंडू लांब पाठवायचा म्हणजे दंडातली सगळी ताकद लावायची, हे त्याने लहानपणापासून गृहीत धरलेले असते. तो दात-ओठ खाऊन क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवतो आणि चेंडू गवतावरून खुरडत चाळीस पावलांवर थांबतो. शेजारी साठी ओलांडलेले एखादे गृहस्थ निवांतपणे क्लब मागे नेतात, पुढे आणतात आणि त्यांचा चेंडू मात्र हवेत उंच चढून दूर जाऊन पडतो. या विसंगतीचे उत्तर थोडे भौतिकशास्त्रात आहे आणि थोडे आपल्याकडच्या जुन्या गोफणीत.

चेंडू आणि क्लब यांची भेट किती वेळ टिकते, हे आधी पाहू. ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचा, पुढचा भाग चेंडूला जेमतेम अर्धा मिलिसेकंद टेकलेला असतो. क्लबचा वेग ताशी १५० किलोमीटर धरला, तर तेवढ्या अवधीत तो सुमारे दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. त्या दोन सेंटिमीटरांत चेंडू चेपला जातो, पुन्हा फुगतो आणि सुटतो. त्यावर या काळात सरासरी सहाशे किलो वजनाइतका दाब येतो. फटका कसा बसला याची संवेदना हातातून मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिलिसेकंद लागतात आणि तोवर चेंडू मीटरभर पुढे गेलेला असतो. त्यामुळे चेंडू लागताना मनगटाने शेवटचा जोर देता येतो, ही समजूत खरी नाही. जे काही करायचे ते आधीच करून झालेले असावे लागते.

आता टकरीचा हिशेब. नियमांनुसार गोल्फच्या चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ड्रायव्हरच्या डोक्याचे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या खालच्या जाड भागाचे, वजन साधारण २०० ग्रॅम असते आणि त्याच्या पृष्ठभागाला किती उसळी देता येईल यावरही मर्यादा आहे, ती म्हणजे ०.८३ (टकरीनंतर दूर जाण्याचा वेग भागिले टकरीआधी जवळ येण्याचा वेग). हे आकडे टकरीच्या साध्या सूत्रात घातले, की चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या जास्तीत जास्त दीडपट होऊ शकतो, असे उत्तर येते. डोके आणखी जड केले तर हे गुणोत्तर थोडे वाढेल, पण मग तेच डोके तितक्या वेगाने फिरवणार कोण, हा प्रश्न उरतो. म्हणून उत्पादक वर्षानुवर्षे दोनशे ग्रॅमच्या आसपासच घुटमळत राहिले आहेत.

दीडपटीचा हा लाभ फटका मधोमध बसला तरच मिळतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने आलेला क्लब मधोमध लागला, तर चेंडू ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेगाने निघतो. तोच फटका कडेकडे बसून गुणोत्तर १.४८ वरून १.३८ वर आले, तर वेग २०७ पर्यंत उतरतो आणि अंतरात पंधरा ते वीस मीटरांचा फरक पडतो. केवळ जोर वाढवून ही तूट भरून काढायची, तर क्लबचा वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरने वाढवावा लागेल. हौशी खेळाडूसाठी हे कित्येक महिन्यांचे काम आहे. शेजारच्या त्या साठीतल्या गृहस्थांचे रहस्य मुख्यतः इथेच आहे.

कडेला बसलेला फटका ऊर्जा का खातो? फटक्याची रेषा डोक्याच्या गुरुत्वमध्यातून गेली नाही, की डोके स्वतःभोवती फिरू लागते आणि चेंडूला मिळायची काही ऊर्जा त्या फिरण्यात खर्च होते. याच कारणाने ड्रायव्हरचे डोके मोठे आणि पोकळ करून त्याचे वजन कडांकडे नेले जाते. त्याचे आकारमान नियमांनी ४६० घनसेंटिमीटरपर्यंत मर्यादित केले आहे. यात आणखी एक गमतीची गोष्ट घडते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डोक्याच्या बाहेरच्या टोकाकडे लागला, तर डोके उजवीकडे उघडते आणि दातेरी चाकांच्या जोडीप्रमाणे चेंडूला उलट दिशेची फिरक मिळते, त्यामुळे उजवीकडे निघालेला चेंडू हवेत डावीकडे वळून येतो. ही वळणे एकमेकांना सावरून घ्यावीत म्हणून ड्रायव्हरचा पृष्ठभाग मुद्दाम किंचित फुगीर केलेला असतो. सपाट दिसणाऱ्या वस्तूत एवढा विचार दडलेला असतो, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

वेग कुठून येतो, हे समजून घ्यायला गोफणीइतके चांगले साधन नाही. नवी मुंबईतल्या कितीतरी घरांची मुळे सातारा-सांगलीकडच्या गावांत आहेत आणि ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार घरातल्या मोठ्यांनी तरी पाहिलेला असतो. गोफण फिरवणारा दगडाला ढकलत नाही. तो हात फिरवतो, दोरी मागून ओढली जाते आणि अगदी शेवटी, हाताची गती मंदावत असताना, दगड सर्वांत वेगाने सुटतो. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गोल्फच्या फटक्याचे वर्णन दुहेरी लंबक असे केले गेले. एक लंबक खांद्यापाशी टांगलेला, तो म्हणजे हात. दुसरा मनगटापाशी टांगलेला, तो म्हणजे क्लब. खाली येताना मनगट दुमडलेलेच राहिले, तर हात वेग घेतात. मग क्लब बाहेरच्या बाजूला फेकला जाऊ लागतो, मनगट आपोआप उघडते आणि हातांचा वेग कमी होऊन तो क्लबच्या टोकात उतरतो. अमेरिकेतील एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात लखलखत्या दिव्यांच्या साहाय्याने टिपलेल्या फटक्याच्या छायाचित्रांत क्लबच्या एकामागून एक उमटलेल्या प्रतिमांचा पंखा दिसतो आणि वेगाची ही चढण डोळ्यांनी पाहता येते.

नवख्याची चूक नेमकी इथे होते. क्लब वर असतानाच तो मनगट उघडून टाकतो, म्हणजे जणू दगड गोफणीतून आधीच सोडून देतो. त्यानंतर कितीही जोर लावला तरी उपयोग होत नाही. खाली येण्याला एकूण पाव सेकंदच लागतो आणि डोळ्यांनी पाहून स्नायूंना नवी आज्ञा द्यायलाही जवळपास तितकाच वेळ लागत असल्यामुळे वाटेत दुरुस्ती करायला फारसा वाव उरत नाही. क्लब मागे नेण्याचा काळ मात्र याच्या साधारण तिप्पट असतो. घाई टाळायची ती तिथे.

आता ताकदीविषयी. क्लबच्या डोक्याला ताशी १५० किलोमीटर वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जा पाव सेकंदात पुरवायची, तर सुमारे एक अश्वशक्ती लागते, आणि त्यात हात व धड हलवण्याचा खर्च धरलेला नाही. दोन दंडांच्या आवाक्यातले हे काम नाही. वाशीच्या बाजार समितीत पोती उचलणारा माथाडी कामगार काय करतो, ते पाहावे: तो आधी पाय रोवतो, कंबर वळवतो, मग पाठ आणि सर्वांत शेवटी हात. चांगल्या फटक्यातही हाच क्रम असतो. पुढच्या पायावर भार जातो, कंबर वळते, तिच्यामागून छाती, छातीमागून हात आणि हातांमागून क्लब. आणि प्रत्येक भाग मंदावताना आपली गती पुढच्याला देतो. चेंडूपाशी येताना क्लबचे डोके हातांना बाहेरच्या बाजूला सुमारे तीस किलो वजनाइतक्या बलाने ओढत असते, म्हणून अनुभवी खेळाडूंचा पुढचा पाय त्या क्षणी सरळ होताना दिसतो. जमिनीला दिलेला हा रेटा मूठ आतल्या बाजूला खेचतो आणि क्लबला थोडा अधिक वेग देतो. ‘मान खाली ठेवा’ हा सल्ला मात्र मला अवास्तव महत्त्व मिळालेला वाटतो. तो इतका काटेकोर पाळला जातो, की छाती वळायचीच थांबते.

जमिनीवरून मारायच्या आयर्न क्लबांबाबत आणखी एक गैरसमज आहे. चेंडू वर जावा म्हणून खालून उचलायला गेले, की क्लबच्या वाटेचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो; मग क्लब एकतर आधी मातीत शिरतो किंवा वर येताना चेंडूच्या डोक्याला घासतो. हा बिंदू चेंडूच्या काही सेंटिमीटर पुढे हवा. उंची देण्याचे काम क्लबच्या तिरक्या पृष्ठभागाचे आहे. हा तिरकसपणा चेंडूला मागे फिरणारी फिरक देतो आणि त्या फिरकीमुळे हवा चेंडूला वर उचलते. एडिनबर्गचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात हे मांडले; त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश हौशी विजेता होता. चेंडूवरचे खळगेही यात साहाय्य करतात, कारण पृष्ठभागालगत खळबळणारी हवा चेंडूला अधिक काळ चिकटून राहते आणि मागचा ओढा कमी होतो.

दिशेबाबत इतकेच, की चेंडू मुख्यतः क्लबचा पृष्ठभाग जिकडे पाहतो तिकडे निघतो. तो एका अंशाने चुकला तरी दोनशे मीटरवर साडेतीन मीटरांची चूक होते.

आपला फटका कुठे लागतो हे पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. चेंडूच्या मागच्या बाजूला पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने ठिपका काढावा आणि तो पुसट व्हायच्या आत मारावे. क्लबवर खूण उमटते. अशा वीस फटक्यांच्या खुणा एकमेकींजवळ येईपर्यंत वेगाचा विचार सोडून दिलेला बरा.

पावसाळ्यात आकडे मात्र जपून वाचावेत. दमट हवा आपल्याला जड वाटते, पण पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी असल्यामुळे ती कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असलेल्या पुण्यात तर हवा पाचेक टक्के विरळ असते आणि चेंडू सहज काही मीटर पुढे जातो. खारघरमध्ये जुलैत अंतर कमी भरते, ते मऊ जमिनीवर चेंडू घरंगळत नाही म्हणून. ओल्या गवतातून मारलेल्या आयर्नचे मात्र उलट होते: क्लब आणि चेंडू यांच्या मध्ये पाण्याचा थर आला, की घर्षण घटते, फिरक कमी होते आणि थांबायला हवा असलेला चेंडू खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर टप्पा घेऊन पलीकडच्या झुडपात निघून जातो.