जपानमधले कौटुंबिक माइल्स: एएनए आणि जालसाठी कोण पात्र, कागद कोणते

तोक्योत राहणारे आपले अनेक जण कुटुंबाचे माइल्स, म्हणजे विमानप्रवासावर मिळणारे आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण, एकत्र करायला अर्ज करतात आणि तो नामंजूर होतो. बहुतेकदा मुळाशी एकच समज असतो: पासपोर्ट भारतीय, म्हणजे आपण परदेशी सदस्य. एएनए असो की जाल, जपानच्या या दोन्ही विमान कंपन्या पासपोर्ट बघत नाहीत. तुम्ही राहता कुठे, ते बघतात.

एएनएची फॅमिली अकाउंट सर्व्हिस आणि जालचा फॅमिली क्लब जपानबाहेर राहणाऱ्यांसाठी आहेत. जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी एएनए कार्ड फॅमिली माइल्स आणि जालकार्ड फॅमिली प्रोग्राम. तिथे मोठ्या माणसांना फुकटचं सदस्यत्व पुरत नाही, त्या कंपनीचं क्रेडिट कार्ड लागतं. जपानमध्ये नवीन आलेल्या परदेशी माणसाला क्रेडिट कार्ड मिळवताना काय यातायात होते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

सर्वात जास्त कोंडी होते ती नवरा तोक्योत आणि बायको-मुलं पुण्यात असलेल्या घरांची. अशा वेळी जपानमध्ये राहणाऱ्याने पुण्याचा पत्ता टाकून परदेशी योजनेत शिरू नये. खोटा पत्ता उघड झाला तर साठवलेले माइल्सच धोक्यात येतात. कुटुंब एका देशात येईपर्यंत प्रत्येकाने आपापल्या खात्यात माइल्स जमवावेत, हेच बरं.

एकत्र न करताही स्वतःच्या माइल्सवर घरच्यांचं तिकीट काढता येतं. एएनएमध्ये त्यासाठी आधी त्यांची नावं नोंदवावी लागतात आणि नातं दुसऱ्या श्रेणीपर्यंतचं, म्हणजे नात्याच्या दोन पायऱ्यांच्या आतलं लागतं: जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे, दीर, नणंद, मेहुणा चालतात. काका, मामा, भाचा, पुतणी, मामेभाऊ नाहीत. आपल्याकडे मामेभाऊ सख्ख्यासारखाच असला तरी इथे विनंती करून उपयोग होत नाही.

नात्याचा पुरावा मागितला की खरी अडचण सुरू होते. महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. नाव नंतर घालून मिळतं. ते काम सुट्टीत गावी गेल्यावर आधी उरका. आईचं नाव दाखल्यावर सासरचं आणि पासपोर्टवर माहेरचं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही घ्या.

जपानमध्ये जुमिनह्यो, म्हणजे रहिवासी नोंदीचा उतारा, फार कामाचा. २०१२ पासून परदेशी रहिवाशांचीही त्यात नोंद होते. वॉर्ड ऑफिसात तो मागताना संपूर्ण कुटुंबाचा हवा आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं छापून हवं, हे फॉर्मवर स्वतः खूण करून सांगा. न सांगितल्यास नात्याचा रकाना गाळलेला उतारा हातात पडू शकतो. कायमचे भारतात परतत असाल तर तो निघण्याआधीच घ्या. देश सोडल्यावर मिळतो तो रद्द नोंदीचा उतारा, आणि पुण्यात बसून तो मिळवणं फार त्रासाचं.

परतल्यावर आधी सदस्यत्वावरचा पत्ता भारताचा करा, मग परदेशी योजनेचा अर्ज. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये असेल तर त्यासकट.

दोन्हीकडे माइल्सची साधारण मुदत ३६ महिन्यांची. खाती जोडली म्हणून ती वाढत नाही, तेव्हा जुने माइल्स कधी संपतात ते अर्ज करण्याआधीच बघून घ्या.